विमानाला दृष्ट लागू नये म्हणून

माझ्या सासूबाईंनी एकदा तंजावरला निघालेलं विमान बंगालच्या उपसागराकडे वळवलं होतं, आणि त्या वेळी त्या चेन्नईत, तिरुवल्लिकेणीच्या घरात बसून शेवग्याच्या शेंगा चिरत होत्या.

(विमान जमिनीवरच उभं होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर हा लेख मी तुरुंगातून लिहिला असता!)

मी मूळची सांगलीची. काम करते चेन्नईबाहेरच्या एका खासगी धावपट्टीवर, छोट्या विमानांच्या हँगरमध्ये. जुने काटे-तबकड्या काढायच्या, नवे डिजिटल पडदे बसवायचे, आणि मालकाची हौस असेल तर ऑटोपायलट बसवायचं. ऑटोपायलट म्हणजे एकदा दिशा सांगितली की विमानाला त्या दिशेनं नीट नेणारं यंत्र. हे यंत्र बसवणाऱ्या बाईला स्वतःला दिशा कळत नाहीत, ही गोष्ट कंपनीपासून मी आजवर लपवून ठेवली आहे.

लग्न होऊन आले त्या आठवड्यात कोथिंबीर आणायला म्हणून स्कूटरवरून निघाले आणि सात-आठ किलोमीटरांवरच्या अड्यारहून घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या स्कूटरवर, फोन अडकवायच्या जागेशेजारी, एक इवलासा पितळी पिळ्ळैयार बसवला. पिळ्ळैयार म्हणजे आपला गणपती. बुडाला चांगलं दणकट चुंबक, खड्ड्यातसुद्धा हलायचा नाही. "आतां तो वाट दाखवील गे," असं त्या म्हणाल्या. (सासरची मंडळी तंजावरची मराठी. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिल्यानं त्यांची मराठी माझ्या मराठीची पणजी लागते.) पण छे! शेजारी देव, समोर फोनमधला नकाशा, आणि तरी सिग्नलला थांबले की नकाशातला बाण गरगर फिरायचा आणि मी भलत्या गल्लीत शिरायची. दोन वर्षं असंच चाललं होतं.

अशात मुरुगेसन आले. जॉर्ज टाउनमधले मिरीचे घाऊक व्यापारी, स्वतःचं चार जणांचं विमान, ते स्वतःच उडवायचे. त्यांना ऑटोपायलट हवं होतं, कारण हात मोकळे राहिले की हवेत टिफिन खाता येतो! हे काम पहिल्यांदाच मी एकटी करणार होते. मुख्य कार्यालयानं साफ कळवलं होतं, की हे जमलं तर चेन्नईचं हँगर तुझ्याकडे, आणि बिनसलं तर हँगर बंद आणि तुझी बदली नागपूरला.

ही बातमी घरी सांगितली तेव्हा सासूबाईंच्या हातातली पळी थांबली.

"नागपूर? तिकडं समुद्र तरी आहे का गे?"

"नाही, आई."

"मग तुला घर कसं सांपडेल? हितं निदान समुद्र बघून तरी येतीस."

 त्या रात्री आंबटभाजीत मीठ दोनदा पडलं. सून जाणार म्हणून मीठ चुकणारी सासू मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, मलाही जायचं नव्हतं.

काम संपलं नेमकं आयुधपूजेच्या दिवशी. चाचणी दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला. आयुधपूजेला इकडे घरची माणसं कारखान्यात येतात, अवजारांना गंध-कुंकू लावतात, चुरमुरे आणि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, वाटतात. आणि एकदा अवजार पूजेला ठेवलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. माझे सासरे अप्पा संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले. ते आले ते दृष्ट काढायला हातात पांढरा कोहळा घेऊनच.

"हा धावपट्टीवर फोडूया!"

"अप्पा, कोहळ्याच्या तुकड्यावरून विमान घसरेल!"

"मी रणगाड्यापुढं फोडलोंय. रणगाडा कधी घसरला नाही."

शेवटी कोहळा फाटकाबाहेर फुटला. चाकांखाली लिंबं ठेवायला मी परवानगी दिली. कुंकवाचा टिळा एकच, तोही विमानाच्या नाकाला, पडद्यांना नाही, असं बजावलं. माझ्या स्कूटरलाही (हात न लावायचा नियम गाड्यांना नसतो) झेंडूचा एवढा हार चढला की स्कूटर दिसेनाशी झाली.

आणि मग मला हुशारी दाखवायची हुक्की आली! पंखाच्या टोकाशी एक छोटं झाकण मी तपासणीसाठी उघडलेलं होतं. सासूबाईंना तिथे नेलं आणि व्याख्यान सुरू केलं.

"आई, ही डबी बघा. उत्तर कुठे, दक्षिण कुठे, हे विमानाला हीच सांगते. ही बिघडली की सगळं बिघडलं."

"म्हंजे हीच सगळ्यांत नाजूक?"

"सगळ्यात!"

"मग हिला सांभाळणार कोण गे?"

"मी आहे ना!"

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

तेवढ्यात पलीकडून अप्पा ओरडले, "मुहूर्त जाऊलागलाय! सगळी अवजारं आणा! मागाहून कोणी पाना उचललात तर बघा!" मी धावत गेले, हार सरळ केले, उदबत्ती लावली, मग आठवलं की झाकण उघडंच आहे. धावत परत आले, झाकण लावलं, भराभर स्क्रू पिळले आणि स्क्रूड्रायव्हर नेऊन देवापुढे ठेवला. झाकण लावण्यापूर्वी आत डोकावायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. नव्या मुलांना तो मीच शिकवते!

दुसऱ्या दिवशी सकाळी चमत्कार झाला. हारात बुडालेल्या त्याच स्कूटरवरून घरापासून हँगरपर्यंत आले आणि एकदाही वाट चुकले नाही. सिग्नलला बाण शहाण्यासारखा उभा! मला वाटलं, वा, शुभशकुन!

मुरुगेसन टिफिनसह हजर होते. आम्ही विमानाचं नाक तंजावरच्या दिशेला धरलं आणि यंत्र चालू केलं. पडद्याचं म्हणणं, विमान कोइम्बतूरकडे, म्हणजे बरंच उजवीकडे, तोंड करून उभं आहे. ऑटोपायलटनं आज्ञाधारकपणे ती 'चूक' सुधारायला घेतली. सुकाणू आपोआप डावीकडे वळलं. डावीकडे समुद्र!

"मॅडम," मुरुगेसन शांतपणे म्हणाले, "मला तंजावरला जायचंय. मासे पकडायला नाही."

माझ्या डोळ्यांपुढे नागपूर उभं राहिलं. मी तारा तपासल्या. पडदा उपसून पुन्हा बसवला. लोखंड जवळ असलं की होकायंत्र बहकतं, म्हणून हँगरच्या लोखंडी दारापासून विमान लांब ढकललं. मग मुरुगेसनांचा टिफिन लांब पाठवला, किल्ल्या लांब पाठवल्या, शेवटी त्यांच्या पट्ट्याचं बक्कलसुद्धा! वेष्टीवरचा, म्हणजे इकडच्या धोतरावरचा, पट्टा गेल्यामुळे एवढे मोठे व्यापारी एका हातानं वेष्टी धरून उन्हात उभे. सुकाणू तरीही डावीकडेच. फक्त ती पंखातली डबी मी उघडली नाही. ती मी स्वतः बसवली होती, स्वतः तपासली होती, स्वतः बंद केली होती. म्हणजे तिथे चूक असणं शक्यच नव्हतं!

इतक्यात फोन वाजला. सासूबाई.

"पिळ्ळैयाराला नमस्कार केलीस का गे?"

"आई, मी कामात आहे. स्कूटर बाहेर आहे. जाताना करीन."

"स्कूटरवर कुठं? त्याला काल तुझ्या विमानांत ठेविले की. त्या नाजूक डबीपाशी."

माझ्या हातातून पाना पडला.

"आई! का?"

"हिला सांभाळणार कोण म्हणून विचारले मी. तू म्हटलीस, मी आहे."

"हो, मग?"

"म्हणूनच की."

झाकण उघडलं. आत डबीला खेटून, पिवळ्या दोऱ्यानं बांधलेला, मोगऱ्याचं फूल डोक्यावर घेऊन, आमचा पिळ्ळैयार चुंबकासकट विराजमान! उत्तरध्रुवाचं ऐकणाऱ्या त्या डबीनं रात्रभर याचंच ऐकलं होतं. मला राग आला, आणि मग हसू आलं. मी जाऊ नये म्हणून त्यांनी घरातला सगळ्यात भरवशाचा माणूस कामाला लावला होता.

देव बाहेर आले, पडदा ताळ्यावर आला. मी पुन्हा सगळं तपासलं (या वेळी आत डोकावून!). दुपारी मुरुगेसन एक फेरी मारून उतरले, तेव्हा त्यांच्या मिशीला मुरुक्कूचा, म्हणजे इकडच्या चकलीचा, चुरा होता. म्हणजे हात मोकळे राहिले होते. कार्यालयाला त्यांनी तिथूनच फोन लावला आणि सांगितलं, की या मॅडमना हलवलंत तर माझं विमानही इथून हलेल. नागपूर टळलं!

मी पिळ्ळैयार स्कूटरवर जागच्या जागी बसवला, शेजारी फोन अडकवला आणि ही बातमी तोंडानं सांगायला घराकडे सुसाट निघाले. पहिल्या सिग्नलला थांबले. बाण गरगर फिरला. मी वळले. दुसऱ्या सिग्नलला पुन्हा फिरला. मी पुन्हा वळले. शेवटी कुठल्याशा अनोळखी देवळापुढे थांबून घरी फोन केला.

"आई, आनंदाची बातमी आहे. मी कुठेही जात नाही."

"बरं झालं गे कण्णा! मग आतां कुठं आहेस?" (कण्णा म्हणजे राजा, सोन्या.)

"तेच कळत नाहीये."

"पिळ्ळैयार आहे ना बरोबर? मग फोन त्याच्याजवळ धर. तो दाखवील वाट."

मी पिळ्ळैयाराकडे पाहिलं. त्याच्या बुडाच्या दणकट चुंबकाकडे पाहिलं. फोन अडकवायच्या जागेकडे पाहिलं.

"आई," मी म्हटलं, "दोन वर्षं मी तेच तर करतेय!"