सुट्टी संपली की मामा

दिवाळी संपली की सगळ्यांची तोंडं उतरतात. आमच्या घरात मात्र एक माणूस असं होतं, की त्याची खरी दिवाळी त्याच दिवशी सुरू व्हायची. ते म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचे. भाऊबीजेचे पाहुणे स्टँडवर पोहोचवून आले, की मामा सदरा खुंटीला लावायचे, उघड्या दंडांवरून हात फिरवायचे आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "चला, उद्या मोंढा उघडतोय. जल्दी आवरा!"

मोंढ्याशी आमच्यापैकी कुणाचाच संबंध नव्हता. मामांनी सारी हयात जालन्याच्या धान्यबाजारात मापाडी म्हणून काढलेली. सणाला बंद झालेला मोंढा पुन्हा उघडला, की हमालांची हाळी, बैठकीवरची पूजा, धान्याची धूळ हे सगळं त्यांना लग्नघरासारखं वाटायचं. काम सुटलं तरी ते वाटणं सुटलं नाही. त्यांच्या लेखी प्रत्येकाचं काम म्हणजे मोंढाच. माझा नवरा विलास विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये होता, लेक श्रावणी तेव्हा पहिलीत, आणि मी बियाण्याच्या कंपनीत. ओल्या कागदावर बी मांडायचं आणि उगवतंय का ते तपासायचं, हे माझं काम. मामा गल्लीत सांगायचे, "आमची सून बियांना पाणी पाजायला जाते. अन् त्या तिचं ऐकत्यात बरं का!"

सुट्टीचा शेवटचा दिवस म्हणजे मामांची धावपळ. चपलांचे तुटके अंगठे चांभाराकडून शिवून आणायचे, विलासच्या शर्टाची बटणं ओढून पाहायची, श्रावणीच्या दप्तरातला फराळाचा भुगा झटकायचा. फराळाच्या डब्यातल्या चार करंज्या ते आधीच कुठंतरी लपवून ठेवायचे. पाहुण्यांनी कितीही शोधल्या तरी सापडायच्या नाहीत. त्या कामाच्या पहिल्या दिवशी आमच्या डब्यात निघायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "डबा उघडला की घर आठवलं पाहिजे. पण रडू न्हाई आलं पाहिजे. त्याला करंजी बराबर."

डबा तेच करायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या आणि स्वयंपाकघर मामांच्या ताब्यात होतं. लग्नाची रजा संपवून मी पहिल्यांदा कामावर निघाले, त्या दिवशी पहाटेच उठून चुलीपाशी गेले, तर हे आधीच भाकरी थापत बसलेले. मी लाजून अर्धी झाले. "मामा, सरका, मी करते." तर मान वर न करता म्हणाले, "तू आंघोळ कर. तुला उशीर होऊन राह्यला." समोरच्या काकूंनी नळावर त्यांना छेडलं, "काय बाबा, सुनेनं चुलीपुढं बसवलं का?" मामा हंडा उचलत म्हणाले, "तिनं कुठलं बसवलं? मीच तिला चूल देत न्हाई. माझं तिखट बिघडवती ती." त्यांची भाकरी जाड असायची, कडेला चिरलेली. पण वीस वर्षं मी तीच खाल्ली, आणि आता स्वतः पातळ भाकरी केली की ती कुणा परक्या घरची वाटते.

संध्याकाळी मामा ओट्यावर बसायचे. मांडीवर सूप, सुपात मेथी नाहीतर शेंगा. आम्ही एकेक करून गल्लीच्या तोंडाशी दिसलो, की ते सूप बाजूला ठेवून उभे राहायचे. रोज. जणू कुणी परगावाहून आलं आहे. विलास म्हणायचा, "दादा, बसा की. मी काय लढाईवरून आलो का?" तेव्हा त्यांचं एक ठरलेलं उत्तर असायचं. "कामाला गेलेलं माणूस संध्याकाळी घरी येतं. घरात बसलेल्याची वाट कोण पाहणार? मला वाट पाहायला आवडती, मंग मी तुम्हाला कामाला लावतो."

एका वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि विलास अंथरुणातून उठेना. आजारी नव्हता. सणाचा आळस होता. पांघरुणातूनच म्हणाला, "दादा, आजच्या दिवस राहू द्या. उद्या जातो."

"उद्या? पहिल्याच दिवशी दांडी? मालकानं पूजा ठेवली असंल. ऊठ!"

"अंग जड झालंय हो."

"चिवडा कमी खायचा व्हता मंग," म्हणत मामांनी पांघरूण ओढलं. श्रावणी टाळ्या पिटत हसली. विलासही हसला. त्याची आंघोळ होईपर्यंत मामांनी फडक्यानं मोटरसायकल पुसली, डबा पिशवीत घालून हँडलला अडकवला. निघताना विलास मला म्हणाला, "या माणसापुढं आपलं काही चालत न्हाई. तू जल्दी ये आज, श्रावणीचे बूट पाहू." मग मीही रिक्षा धरून कंपनीत गेले.

औद्योगिक वसाहतीकडे वळताना त्याला ट्रकनं उडवलं. मला फोन आला तेव्हा माझ्या हातात ओला कागद होता. दवाखान्यात पोहोचले, तर मामा माझ्याआधीच आले होते. व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते आणि मांडीवर विलासचा डबा होता. कुणीतरी रस्त्यावरून उचलून आणून दिला असावा. त्याचं झाकण चेपलं होतं. मी समोर उभी राहिले. मामांनी वर पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "जेवला न्हाई तो."

त्यानंतर मामा बोलेनासे झाले. स्वयंपाक करायचे, श्रावणीची वेणी घालायचे, तिला शाळेत सोडून यायचे, पण तोंडातून शब्द नाही. संध्याकाळी ओट्यावर बसणंही बंद. दिवसकार्य झाल्यावर माझे धाकटे दीर केदारखेड्याहून आले. मनाचा सरळ माणूस. म्हणाले, "वहिनी, आता इथं कुणाच्या भरवशावर राहता? गावाकडं घर हाय, शेत हाय. नोकरी सोडून द्या. दादांना अन् तुम्हा दोघींना घेऊनच जातो." आणि त्यांनी मामांकडे पाहिलं. मीही पाहिलं. माझी खात्री होती, की मामा आता काहीतरी बोलतील. ते भिंतीकडे बघत बसले. विलास गेला तेव्हाही मला जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी त्या गप्प बसण्याची वाटली. मी दिरांना म्हटलं, "भाऊजी, मला थोडे दिवस द्या." ते परत गेले.

कंपनीतून निरोप येत होते. एका सकाळी मी मनाचा हिय्या करून उठले, डबा केला, साडी नेसले. दारात मामा उभे होते. हात कडीवर.

"आज नको जाऊस."

"मामा, मग कधी जाऊ?"

"उद्या," ते म्हणाले. "उद्या जा."

आणि तो शब्द त्यांच्याच कानावर पडला. हात कडीवरून घसरला. ते उंबऱ्यावर खाली बसले. "असंच म्हणला व्हता गं तो. उद्या जातो म्हणला. अन् मी ह्या हातानं पांघरूण ओढलं."

मी पिशवी ठेवून त्यांच्याजवळ बसले. विलास गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांसमोर रडलो नव्हतो. मी त्यांच्यासाठी आवरून धरलं होतं आणि त्यांनी माझ्यासाठी. त्या उंबऱ्यावर ते सगळं सुटलं. समोरच्या काकूंनी दार उघडलं आणि हळूच लावून घेतलं.

"तुमच्यामुळं न्हाई गेले ते," मी म्हटलं. "ते रोजच जात होते, मामा. रोज येत होते."

"मला समजवू नको, पोरी. समजतंय मला." त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "पण हे हात ऐकत न्हाईत."

त्या दिवशी मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी उठले, तर मामा आंघोळ करून, धुतलेला सदरा आणि टोपी घालून बसलेले. भाकरी बांधून तयार. म्हणाले, "चल. मी येतो." मला वाटलं, रिक्षापर्यंत येतील. ते रिक्षात बसले. कंपनीच्या फाटकापर्यंत आले. मी म्हटलं, "आता जा घरी, श्रावणी शाळेतून येईल." ते म्हणाले, "काकूला सांगून आलोय. तू आत जा."

जेवणाच्या सुट्टीत एक मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझे सासरे अजून बाहेरच बसलेत." मी धावत गेले. फाटकासमोर चहाची टपरी होती, तिच्या बाकड्यावर मामा बसले होते. नजर फाटकावर. मी डबा उघडला आणि आम्ही दोघांनी तिथंच खाल्लं. "मामा, असं दिवसभर बसणार का?"

"माझं काही न्हाई. तू बियांना पाणी पाज. मी हाय इथं."

संध्याकाळी आम्ही बरोबर घरी आलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ते पिशवीत मेथी घेऊन आले. बाकड्यावर बसून निवडू लागले, म्हणजे घरी गेल्यावर स्वयंपाकाला उशीर नको. तो सगळा हिवाळा मामा टपरीवर बसले. आधी कंपनीतली माणसं हसायची. मग चौकीदारानं त्यांच्यासाठी खुर्ची काढून दिली, टपरीवाला ऊन आलं की फळी आडवी लावू लागला. मला खूप अवघडल्यासारखं व्हायचं. पण खिडकीशी उभी राहिले की ती टोपी दिसायची, आणि मग पुढच्या कागदावर बी मांडता यायचं. ते माझी राखण करत होते असं लोकांना वाटायचं. मला वाटतं, ते त्या फाटकाला सांगत होते, की माणूस आत घेतलंस, आता बाहेर सोड.

हिवाळा सरताना श्रावणीला ताप आला. तिच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "मी राहते." मामांनी श्रावणीच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. मग म्हणाले, "न्हाई. तू जा. मी राहतो." त्या दिवशी खिडकीतून बाकडं रिकामं दिसत होतं आणि माझं कशातच लक्ष नव्हतं. संध्याकाळी रिक्षातून उतरले, तर गल्लीच्या तोंडाशी मामा उभे. खांद्यावर शालीत गुंडाळलेली श्रावणी, तापानं डोळे मिटलेली. घरात थांबवलं नव्हतं त्यांच्यानं. माझ्याकडे नीट पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत.

"आलीस?"

"आले, मामा."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि वळून माझ्यापुढे चालू लागले. त्यानंतर ते टपरीवर आले नाहीत. आणि पुढं दीर पुन्हा विचारायला आले तेव्हा मला बोलावंच लागलं नाही. मामा स्वयंपाकघरातून म्हणाले, "ती बराबर जाऊन राह्यली ना कामाला? मंग आमचं घर इथंच. तू जेवून जा."

पण मोंढा उघडतोय, ही हाळी आमच्या घरात पुन्हा कधी उठली नाही. सुट्टी संपायच्या दिवशी मामा काहीतरी काम काढून आतच राहायचे. आम्ही "येतो" म्हटलं, की आतून भांड्याचा आवाज यायचा. तेच उत्तर. श्रावणी कॉलेजात गेली तरी ते तसंच होतं. ती चिडवून म्हणायची, "आजोबा, बाहेर या ना, मला बघा तरी." ते म्हणायचे, "संध्याकाळी बघतो. संध्याकाळी निवांत बघतो."

यंदाच्या दिवाळीत, आम्ही दोघी घरी असतानाच मामा गेले. दुपारी जेवले, श्रावणीनं केलेल्या भाकरीला नावं ठेवली, "थोडा पडतो" म्हणाले. चहाला हाक मारली तर उठले नाहीत. चेहरा अगदी झोपलेल्या माणसासारखा होता. दिरांनी सगळं केलं. नातेवाईक आले, गेले. रजा संपत आली.

कामावर जायच्या आदल्या दिवशी समोरच्या काकू म्हणाल्या, "उद्यापासून कुलूप घालून जात जा, बाई. माझं बी आता वय झालं. नजर राहत न्हाई." मी घरभर शोधलं आणि ध्यानात आलं, आमच्या घरात कुलूपच नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. गावाला जायचं झालं तरी मामा मागं राहायचे. त्या हिवाळ्यातसुद्धा नुसती कडी घालून काकूंच्या भरवशावर घर टाकलं होतं. मी जुन्या जालन्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. म्हातारे चाचा गल्ल्यावर होते. मामांच्या ओळखीचे.

"कपाट का ताला चाहिए क्या, बेटी?"

"न्हाई चाचा. दरवाजाला."

"दरवाजे को?" ते हसले. "दरवाजे को काहे को? बाबा है ना घर पे."

मी नुसती मान हलवली. चाचांचं हसू गेलं. ते खाली वाकले आणि बराच वेळ डब्यांमध्ये काहीतरी शोधत राहिले. मग एक कुलूप काढून किल्ली फिरवून पाहिली, पुन्हा फिरवली, तेलाचा थेंब सोडला आणि माझ्या हातात ठेवलं.

सकाळी आम्ही दोघी बाहेर आलो. कडी ओढली, कुलूप अडकवलं, दाबलं. लागलं. श्रावणी पायरीवरच थांबली.

"आई, आत कुणी न्हाई ना?"

"न्हाई."

"एकदा बघू?"

मी किल्ली फिरवली. दार उघडून आम्ही दोन्ही खोल्या पाहिल्या, स्वयंपाकघर पाहिलं, दाराच्या मागंसुद्धा पाहिलं. आत कुणी नव्हतं. मग मी पुन्हा कुलूप लावलं, एक किल्ली तिच्याकडे दिली, एक माझ्याकडे ठेवली, आणि आम्ही आपापल्या कामाला गेलो.