टेबलाचं दुसरं टोक

मास्तरांनी आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलं नाही. ते प्रोग्रॅमर होते. पण ऑफिसातल्या लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं ते उगाच नाही. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने ओळीने वाचायचा, चुका दाखवायच्या, शेजारी शेरे लिहायचे, आणि सगळे शेरे निस्तरले की मगच ‘मंजूर’ म्हणायचं, अशी त्या कामातली पद्धत आहे. बहुतेक लोक हे वाचन कपाळाला आठ्या घालून कसंबसं उरकतात. मास्तर ते डोळ्यांत तेल घालून करत. नव्याने आलेल्या एका मुलीच्या दहा ओळींवर त्यांनी एकदा चौदा शेरे लिहिले होते. ती बिचारी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. पण त्या दहा ओळींच्या सहा झाल्या आणि त्या पुढे कधी बिघडल्या नाहीत, हेही खरंच.

गेली पाच वर्षं मास्तर घरूनच काम करत. मागची खोली त्यांची. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसायची, म्हणजे पाण्याचे पाइप आणि कुणीतरी वाळत टाकून विसरलेली एक चटई. टीम चार देशांत पांगलेली, त्यामुळे बोलणं सगळं संध्याकाळच्या मीटिंगांत. दिवसभर नुसती टकटक. दुपारी चारला पार्सलवाला बेल वाजवायचा आणि ‘हो, हेच घर’ म्हणताना मास्तरांच्या ध्यानात यायचं, की सकाळपासून आपल्या घशातून निघालेला हा पहिलाच आवाज. त्यांना फार एकटं वाटायचं. हे आपणच सांगून टाकलेलं बरं, कारण ते स्वतः कधी कबूल करायचे नाहीत.

बायको हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. तिच्या पाळ्या दर आठवड्याला बदलत, आणि नवरा-बायकोचा निम्मा संसार फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर चालायचा. ‘मी लोकांची हाडं बघते, हा लोकांच्या ओळी बघतो,’ ती म्हणायची, ‘तोंडं बघायला आमच्यात कुणाला सवड नाही.’ सगळे हसत. मास्तरही हसत.

उरली मुलगी. वय तेरा, नाव काहीतरी छान आहे, पण घरात सगळे भिंगरीच म्हणतात. लहानपणी ती एका जागी कधी ठरली नाही म्हणून भिंगरी. शाळेतून आली की दप्तर टाकून थेट मागच्या खोलीत. मास्तरांच्या खुर्चीचा हात धरून उभी राहायची आणि कोण कुणाशी भांडलं, कोण कुणाशी बोलेनासं झालं, सगळं एका दमात ओतायची. मास्तर ‘हं, हं’ करत स्क्रीनकडे बघत. त्यांना वाटायचं तिला कळत नाही. तिला सगळं कळायचं. पण तिचं त्यावाचून अडत नव्हतं, आणि मास्तरांचा दिवस तर त्या पंधरा मिनिटांवरच उभा होता.

शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला शिकता शिकता भिंगरीने एक खेळ लिहिला. दोन महिने ती त्याला चिकटून बसली होती. दाखवायची वेळ आली तेव्हा तिने हुशारी केली. बाबा हाक मारली तर ‘आलोच’ म्हणतो आणि येत नाही, पण तपासायच्या रांगेत काही पडलं की ते मात्र हमखास उघडतो, हे तिने वर्षानुवर्षं पाहिलेलं. तेव्हा तिने आपला खेळ त्यांच्या ऑफिसातले लोक पाठवतात तसा रीतसर तपासणीला पाठवला. वर एक ओळ लिहिली, ‘बाबा, झाला एकदाचा.’

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपली लेक आपल्याच वाटेला लागली याचा कुणाला आनंद होणार नाही? पण रांग म्हणजे रांग. आधी आलेली कामं आधी. भिंगरी रोज विचारायची, उघडलंस का. मास्तर म्हणायचे, तुझ्यापुढे अजून चार जण आहेत. आठव्या दिवशी तिचा नंबर लागला. मास्तरांनी दार लावून घेतलं आणि अडीच तास मन लावून वाचलं. लेकीच्या कामाला त्यांनी जराही सूट दिली नाही, आणि यातच आपली माया आहे असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

शेरे भरले सव्वीस. काही नेहमीचेच, नावं नीट दे, हीच ओळ तीन ठिकाणी आहे, एकदाच लिही. कोडमध्ये काही खुलासा न देता एखादा आकडा ठोकून दिला तर त्याला त्या धंद्यात जादूचा आकडा म्हणतात, आणि मास्तरांना त्याचा भारी तिटकारा. ‘सतराच का? कुठून आला हा आकडा?’ असा एक शेरा. ‘नवाला काय विशेष आहे?’ असा दुसरा. सर्वांत लांबलचक शेरा मात्र शेवटून दुसरा होता. खेळ दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळायचा होता आणि दुसऱ्या माणसाने कळ दाबल्याशिवाय तो पुढे सरकतच नव्हता. मास्तरांनी लिहिलं, ‘दुसरा माणूस आलाच नाही तर? प्रोग्रॅमने कुणासाठी असं थांबून राहू नये. दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरलाच उभं करावं.’

भिंगरी हूं की चूं न करता सगळं दुरुस्त करत गेली. एकेका शेऱ्याखाली ‘केलं’ असं उत्तर येऊ लागलं. सतराला तिने ‘पायऱ्या’ असं नाव दिलं आणि नवाला ‘वळण’. त्या शेवटून दुसऱ्या शेऱ्याचं उत्तर यायला मात्र बारा दिवस लागले. तेही तेवढंच, ‘केलं’. मास्तरांनी ‘मंजूर’ म्हटलं आणि पुढे ‘उत्तम’ असाही एक शब्द जोडला, जो त्यांनी ऑफिसात अजून कुणाला दिला नव्हता. त्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांनी चार देशांतल्या लोकांना ही बातमी सांगितली.

त्यानंतर भिंगरीचं मागच्या खोलीत येणं कमी झालं. आली तरी दार वाजवायची आणि विचारायची, ‘पाच मिनिटं आहेत का?’ पाच मिनिटांत कामाचं तेवढं बोलायची, सही कुठे करायची, उद्या किती वाजता सोडशील, आणि निघून जायची. कोण कुणाशी भांडलं ते मास्तरांना कळेनासं झालं. पोरगी मोठी झाली, दुसरं काय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तिच्या खोलीतून फोनवरचं हसू ऐकू यायचं तेव्हा ते कानावरचे हेडफोन थोडे बाजूला सारत. हे ते रोज करत होते आणि का ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

महिन्याभराने एका सकाळी बायकोला सुट्टी होती. चहा गाळता गाळता तिने सहज विचारलं, ते टेबल पोचलं का एकदाचं वर? मास्तरांना काही उमजेना. कसलं टेबल?

‘अरे, भिंगरीच्या खेळातलं. तुम्ही दोघं खेळता ना?’

‘तो होय. झाला की तो मंजूर. चांगला लिहिलाय तिने.’

‘खेळलास की नाही?’

‘वाचला ना सगळा.’

बायकोने गाळणी खाली ठेवली. ‘वाचला? अरे, खेळ आहे तो.’

ती रागावली असती तर परवडलं असतं. ती फक्त त्यांच्याकडे बघत राहिली, आणि आपण एखाद्या एक्स-रेच्या फिल्मसारखे उजेडासमोर धरलेले आहोत असं मास्तरांना वाटलं. मग तिने चहाचा कप पुढे सरकवला आणि एवढंच म्हणाली, की लेकीने तुझ्यासाठी केला होता, जाऊन बघ तरी.

मास्तर खोलीत गेले आणि त्यांनी तो खेळ पहिल्यांदा चालवला.

स्क्रीनवर जिना उभा राहिला. त्यांच्याच इमारतीचा. सतरा पायऱ्या, नवव्या पायरीला वळण, वळणावर न लागणारी ती खिडकी. जिन्याखाली एक टेबल. टेबलाच्या एका टोकाला पोनीवाली ठेंगणी मुलगी, दुसऱ्या टोकाला चष्मेवाला उंच माणूस.

या घरात राहायला आले त्या दिवशी लिफ्ट बंद होती. सामानाची माणसं जड वस्तू टाकून पसार झाली होती, आणि भिंगरीचं अभ्यासाचं टेबल तेवढं खाली राहिलं होतं. ते बापलेकीने वर नेलं. भिंगरी आठ वर्षांची. ओझं सगळं मास्तरांच्या अंगावर, तिचा नुसता हात लागलेला, पण हुकूम तिचे चाललेले. वळणावर टेबल असं काही अडकलं की वर जाईना, खाली येईना. तिला हसू फुटलं, ती पायरीवरच फतकल मारून बसली, आणि गुडघ्यावर टेबल तोललेले मास्तरही खो खो हसत सुटले. खालचे आजोबा काय झालं म्हणून बघायला बाहेर आले. वीस मिनिटं दोघं तिथेच होती. त्या वीस मिनिटांत मास्तरांनी तिला एकदाही सुधारलं नव्हतं.

त्यांनी कळ दाबली. पोनीवाली हलली. तिच्याबरोबर चष्मेवालाही आपोआप हलला, कारण त्याला आता कॉम्प्युटर चालवत होता. अगदी बिनचूक. वळणावर त्याने टेबल बरोबर त्याच कोनात वळवलं, आणि पाऊण मिनिटात ते वर पोचलंसुद्धा. सव्वीस शेऱ्यांत आपण लेकीच्या खेळातून स्वतःलाच काढून टाकलं होतं, आणि तिने आपला शब्द खाली पडू दिला नव्हता.

त्या शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. मास्तरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून आपल्या खुर्चीशेजारी आणून ठेवली आणि भिंगरीला बोलवायला तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. ऑफिसात चारचौघांसमोर घडाघडा बोलणारा माणूस, इथे शब्द सुचेना. शेवटी म्हणाले, तो तुझा खेळ, आपण दोघं खेळू या का?

भिंगरी जराशी गोंधळली. ‘पण त्याला आता दुसरं माणूस नाही लागत, बाबा.’

‘माहीत आहे. मी चुकीचं सांगितलं होतं तुला.’

‘नाही रे, बरोबर होतं ते,’ ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. ‘तू उघडेपर्यंत मी आठवडाभर रोज तो चालू करून बसायचे. नुसता थांबलेला असायचा. आता कसं, कुणी नसलं तरी खेळता येतो.’

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मास्तरांनी तो झेलला असता. पण टोमणा नव्हताच. तिला ते खरंच पटलेलं होतं. पण ती उठली, त्यांच्याबरोबर मागच्या खोलीत आली आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. पाच वाजता मैत्रीण येणार आहे, तोवर खेळू, म्हणाली. तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या माणसाच्या ओळी तेवढ्या परत घालायच्या, दोन मिनिटांचं काम, म्हणून त्यांनी कोड उघडला.

इथे कुणीतरी त्यांचा हात धरायला हवा होता. जुन्या ओळी तशाच परत टाकल्या असत्या तर काम भागलं असतं. पण त्यांना त्यात एक ढिली जागा दिसली. ती आवळताना दुसरी दिसली. मध्ये भिंगरीने काहीतरी सांगितलं, शाळेत कुणाचं तरी कुणाशी वाजलं होतं, आणि ते ‘हं, हं’ म्हणाले. थोड्या वेळाने तिने खुर्चीवर पाय वर घेतले आणि फोन काढला. बेल वाजली तेव्हा मास्तर शेवटच्या तीन ओळींवर होते.

‘झालंच, एक मिनिट,’ ते म्हणाले.

‘असू दे बाबा, नंतर खेळू,’ असं म्हणून तिने त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि ती गेली.

पाच वाजून चार मिनिटांनी खेळ तयार झाला. मास्तरांनी तो जुन्या लॅपटॉपवर लावला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. ती आली की लगेच खेळायचं, या वेळी काही म्हणजे काही मध्ये येऊ द्यायचं नाही. साडेसहाची मीटिंग टळण्यासारखी नव्हती, म्हणून ते दुसऱ्या स्क्रीनवर मीटिंगला बसले आणि चार देशांतल्या लोकांना एक अवघड बिघाड समजावून सांगू लागले.

सातच्या सुमाराला भिंगरी आली. मास्तरांनी बोलता बोलता हात वर केला. थांब, बस, आलोच, असं त्यांना म्हणायचं होतं. पण मीटिंग चालू असली की ते नेहमीच तसा हात वर करत, आणि आवाज करू नका हे त्यावरून घरात सगळ्यांना समजायचं. तिने समजूतदारपणे मान हलवली. चवड्यांवर चालत ती आत आली, चालू राहिलेला लॅपटॉप तिला दिसला, बाबा बंद करायला विसरला असणार म्हणून तिने तो बंद केला, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि कुठे आपटू नये म्हणून ती दोन्ही हातांनी जपून धरत दाराबाहेर नेली. मास्तर वाक्याच्या मध्यावर अडले. चार देशांतले लोक पुढचं ऐकायला थांबले होते, आणि भिंगरीने बाहेरून दार हलकेच ओढून घेतलं.