बिनभिजवलेला फॉल

मशीनच्या चाकावर उजवा तळहात टेकला की काकू आता काहीतरी बोलणार, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. चाक थांबायचं, सुई कापडात रुतून राहायची आणि काकू चष्म्याच्या वरून बघत समोरच्याला विचारायच्या, "तिला विचारलं का?"

ती कोण, हे माणसागणिक बदलायचं. सून नांदायला परत आली म्हणून कुणी पेढे घेऊन आलं, तरी हाच प्रश्न. मुलीचं लग्न ठरलं म्हणून कुणी शालूला फॉल लावायला आलं, तरी हाच. पेढे देणाऱ्याचा हात तिथंच अडायचा. काकूंना पेढा आवडत नसे असं नाही, उत्तर मिळाल्यावर त्या दोन घेत.

जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली त्यांचं पिको-फॉलचं दुकान होतं. एक मशीन, दोन स्टुलं, दोरीवर वाळत घातलेले रंगीत फॉल आणि भिंतीवर एक छोटा टीव्ही. त्याच जिन्यानं वर गेलं की माझा दहावीचा क्लास. त्यामुळं आमची ओळख शेजाराची आणि कामाचीही. माझ्या सगळ्या साड्यांना त्यांच्याच हातचा फॉल आहे.

फॉल लावण्याआधी तो भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची आणि मगच साडीला लावायचा, हा त्यांचा नेम होता. घाईचे कारागीर कोरा फॉल तसाच लावून देतात. साडी नेसताना झकास दिसते. पहिल्या धुण्यात मात्र फॉल आटतो, साडी आटत नाही, आणि निऱ्यांचा काठ गोळा होऊन वर चढतो. संध्याकाळीच साडी पाहिजे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काकू सांगायच्या, "जल्दी पाहिजे तं दुसरीकडं जा. मी बिनभिजवलेला फॉल लावत न्हाई." आणि गिऱ्हाईक खरोखरच दुसरीकडं गेलं तरी त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

आता टीव्हीवरच्या एका मालिकेबद्दल. क्लास सुटला की माझ्या क्लासच्या मुली जिन्याच्या पायऱ्यांवर बसून काकूंच्या टीव्हीवर ती बघायच्या. मुलींच्या एका वसतिगृहाची गोष्ट होती. रिया नावाची एक पैशावाल्या घरातली मुलगी आणि मीनल नावाची एक साधी. रियानं प्रश्नपत्रिका चोरली आणि पकडली जाणार असं दिसताच ती मीनलच्या बॅगेत टाकली. मीनलला शाळेतून काढून टाकलं. पुढं रियाची आई वारली, रिया बदलली, धाकट्या मुलींना शिकवू लागली, वसतिगृहात आग लागली तेव्हा तिनं दोघींना बाहेर काढलं. मग तिचा मोठा सत्कार. टाळ्या, फुलं, सगळ्यांचे डोळे ओले. माझ्या मुलीही रडत होत्या. पडद्यावर कुणीतरी म्हणालं, "मीनलनं तुला केव्हाच माफ केलं असेल."

काकूंनी चाकावर हात ठेवला. "तिला विचारलं का?"

"काकू, ती आता मालिकेत नाहीच," एक मुलगी म्हणाली.

"न्हाई म्हणजे? काढली कुणी तिला?"

"मालिकेवाल्यांनी."

"म्हणजे शाळेनं एकदा काढली, अन् आता ह्यांनी काढली." काकू लालबुंद झाल्या होत्या. "ही पोरगी सुधरली, बराबर. मला बी आनंद हाय. पण त्या पोरीचं नाव कुणी धुतलं? बिनभिजवलेला फॉल लावून राह्यलेत हे. बघा, गोळा होईल."

मुली हसल्या. मीही हसले असते, पण काकूंनी उठून टीव्हीच बंद केला आणि एका मालिकेपायी इतकं कुणी संतापत नाही.

कारण मला हळूहळू कळलं. काकू माझ्या क्लासमध्ये कधीकधी शेवटच्या बाकावर येऊन बसायच्या. फॉलची खालची कड मशीनवर मारतात, वरची हातानं. ती हातशिलाई घेऊन त्या वर यायच्या आणि मी बीजगणित शिकवत असताना मान खाली घालून टाके घालायच्या. एकदा मी फळ्यावर चूक केली, तर मुलींच्या आधी त्यांनीच "मॅडम, वजा राह्यला" म्हणून सांगितलं. मी विचारलं, तुम्ही कितवीपर्यंत शिकलात? म्हणाल्या, "नववी. अर्धी."

त्या वाटूरच्या. वडिलांची मेंढरं होती आणि थोडी कोरडवाहू जमीन. शाळेत एका बाकावर बसणारी एक जिवाची मैत्रीण होती. ही मैत्रीण शाळा बुडवून एका मुलाबरोबर एसटीनं जालन्याला जायची. फाट्यावर उतरताना शाळेच्या ड्रेसातली मुलगी कुणीतरी पाहिली आणि बोभाटा झाला. हेडमास्तरांनी दोघींच्या वडिलांना बोलावलं आणि मैत्रिणीला विचारलं, कोण होती? तिनं काकूंकडं बोट दाखवलं. "हीच होती." एवढे दोनच शब्द. वडिलांनी काकूंना तिथूनच घरी नेलं. उन्हाळ्याच्या आत लग्न लावून दिलं, जालन्यात मोंढ्यात, धान्याच्या बाजारात हमाली करणाऱ्या एका माणसाशी. माणूस चांगला निघाला, हे नशीब. वडील गेले ते मुलीनं तोंड काळं केलं असं धरूनच गेले.

आणि ती मैत्रीण? ती शिकली, शिक्षिका झाली, आता एका मुलींच्या शाळेत मोठ्या बाई आहे. इथं मी खोटं बोलणार नाही. मोठ्या बाईंचं काम खरं आहे. शाळा सोडलेल्या मुलींच्या दारात त्या स्वतः जातात, बापांशी भांडतात, ठरलेली लग्नं मोडतात, पोरी परत बाकावर आणून बसवतात. माझ्या क्लासमधल्या काही मुली त्यांच्यामुळंच शिकताहेत. काकूही ते मान्य करायच्या.

"काम चांगलंच करून राह्यली ती. मी कुठं न्हाई म्हणते? सगळ्या पोरी शाळंत नेऊन बसवल्या. मला भायेर काढलं, ते कुणी निस्तरायचं?"

त्यांना मोठ्या बाईंकडून रडणं नको होतं की पाया पडणं नको होतं. वाटूरला त्यांचे थोरले भाऊ होते. त्या दादांसमोर मोठ्या बाईंनी एकदा म्हणावं, ती मी होते. बस. काकूंनी स्वतः दादांना अनेकदा सांगून पाहिलं होतं. दादांची बहिणीवर माया फार. खांद्यावर घोंगडी टाकून ते जालन्याला आले की दुकानासमोर बसायचे, काकूंसाठी ज्वारी आणायचे. पण हा विषय निघाला की हात हलवून म्हणायचे, "जाऊ दे बाई. म्या तुला कवाच माफ केलं."

दादा गेले की काकू माझ्याकडं वळायच्या. "मी केलंच न्हाई, अन् हा माफ करून बसला."

मी एकदा म्हटलं, मी सांगते दादांना. त्यांनी मला साफ अडवलं. "तुम्ही बिलकुल बोलू नका, मॅडम. ज्या तोंडानं ती म्हणली, त्याच तोंडानं तिनं मागं घ्यायचं." मी तसा शब्द दिला.

मग मोठ्या बाईंचा शहरात सत्कार झाला. त्यात त्यांना एक भारी साडी मिळाली. दुसऱ्या दिवशी त्या ती साडी घेऊन काकूंच्या दुकानात आल्या. एकट्या नाही, सत्कार समितीचे लोक बरोबर आणि एकाच्या हातात फोटो काढायला मोबाईल. गल्ली गोळा झाली. मीही जिन्यावर उभी होते.

"हा सत्कार खरा हिचा," मोठ्या बाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. "ही माझी बालमैत्रीण. लहानपणी माझ्याकडून हिच्या बाबतीत एक चूक झाली."

काकूंनी चाकावर हात ठेवला. "कोणती गं?"

मोठ्या बाईंनी समितीकडं पाहिलं, मोबाईलकडं पाहिलं. "आता जाऊ दे ना ते. किती वर्षं झाली."

"बरं." काकूंनी साडी हातात घेतली, काठ उलटून पाहिला. "हिला फॉल लावायचाय. ठेवून जा. मी फॉल भिजवून ठेवते. तू वाटूरला जा, दादाला सांगून ये. मंग लावून देते."

"अगं, तुझ्यासाठी आणलीय."

"मला नको. गिऱ्हाईक म्हणून ठेवून घेते."

आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

पुढं गल्लीनं जे केलं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. एवढी मोठी बाई आपल्या पायांनी दारात आली आणि हिनं तिला गिऱ्हाईक केलं, म्हणे. समोरचे कापडवाले सेठ मला म्हणाले, "मन मोठं पाहिजे माणसाचं." मी विचारलं, कुणाचं? त्यांना प्रश्नच कळला नाही. कुणाला कळला नाही. जिनं आयुष्य वाकडं केलं तिनं दोन अश्रू गाळले की तिचं मन मोठं, आणि जिचं वाकडं झालं तिनं सरळ उत्तर मागितलं की ती आडमुठी, हा कुठला हिशोब? माझ्या मुलीसुद्धा म्हणाल्या, मॅडम, काकूंनी जरा ताणलंच. त्या दिवशी मी बीजगणित बाजूला ठेवलं आणि तासभर मुलींवर बरसले. त्यांचा काय दोष होता म्हणा, त्या ती मालिका बघूनच मोठ्या होत होत्या.

काकूंनी फॉल मात्र भिजवला. अंजिरी रंगाचा, साडीशी अगदी बरोबर जुळणारा. वाळवून, इस्त्री करून साडीच्या घडीवर ठेवला. मोठ्या बाई वाटूरला गेल्या नाहीत. त्यांनी आणखी मुली शाळेत आणल्या.

थंडीच्या दिवसांत काकूंना दम्याचा त्रास वाढला. दवाखान्यात मी भेटायला गेले, तर धाप लागलेली असतानाही म्हणाल्या, "आल्ती का ती? साडी देऊ नका हं तशीच." घरी परत आणायच्या आधीच त्या गेल्या.

दहाव्याला माणसं जमली. मोठ्या बाईही आल्या आणि खूप रडल्या. चार शब्द बोला म्हटल्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिनं मला केव्हाच माफ केलं होतं. एवढ्या मोठ्या मनाची होती ती."

मी ताडकन उठून विचारलं, "तिला विचारलं होतं का?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. समोर घोंगडीवर बसलेले दादा मला शांत करायला उठले. रडून त्यांचा आवाज बसला होता. "जाऊ द्या मॅडम," ते मोठ्या बाईंकडं हात जोडून म्हणाले. "ह्या बाईचं बराबर हाय. लहानपणी माझ्या बहिणीचं पाऊल घसरल्तं. आम्ही बी तिला माफ केल्तं."

मी मोठ्या बाईंकडं पाहिलं. आता तरी बोला. ज्याच्यासमोर बोलायचं तो माणूस हात जोडून समोर उभा होता. मोठ्या बाईंनी पदर सावरला आणि खाली बसल्या. मी काकूंना शब्द दिला नसता, तर त्या दिवशी दहाव्याला काय झालं असतं ते मला सांगता येत नाही. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

दुकान रिकामं झालं तेव्हा काकूंच्या मुलानं मशीन पुण्याला नेलं आणि ती साडी माझ्याकडं दिली. जिन्याखाली आता मोबाईलची कव्हरं विकतात. मध्यंतरी मोठ्या बाई माझ्या क्लासवर आल्या, या वेळी एकट्या. साडी न्यायला आलात का, विचारलं. त्या हो म्हणाल्या. मी ती घडी आणि वरचा फॉल त्यांच्यापुढं ठेवला. "भिजवून ठेवलाय. लावायचा तेवढा राहिलाय. काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे."

त्या कितीतरी वेळ फॉलवरून बोट फिरवत राहिल्या. "दादा फार थकलेत म्हणे," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणते."

त्या साडी तिथंच ठेवून गेल्या. जाताना जिना उतरल्यावर काकूंच्या जागेपाशी थांबल्या, तेवढंच.

परवा दादा डोळे दाखवायला जालन्याला आले होते. बहिणीचं दुकान राहिलं नाही, म्हणून जिना चढून माझ्याकडं आले. मी चहा केला. कपाट उघडं होतं आणि त्यांची नजर त्या साडीवर गेली.

"लई भारी दिसती. कुणाची हाय?"

"एकीची आहे, दादा. न्यायला यायचीय अजून."

"येईल की," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "एवढी भारी साडी कुणी सोडून देतं व्हय?"

मी त्यांच्या बशीत आणखी थोडा चहा ओतला आणि कपाट लावून घेतलं.