जकातबाईंचा प्रिंटर

आमच्या घरांच्या नकाशांच्या ऑफिसात कॉम्प्युटर चार आणि प्रिंटर एक. त्याची वायर टाइपिस्ट बाईंच्या कॉम्प्युटरला जोडलेली, आणि बाकीच्यांनी आपापले कागद नेटवर्कवरून तिथे पाठवायचे. बाईंचा कॉम्प्युटर बंद, तर ऑफिस बंद. ताप असला तरी बाई सकाळी येऊन बटण दाबून घरी जाऊन झोपायच्या. एवढी सत्ता कुणाच्या हाती देऊ नये म्हणतात. बाईंनी ती अगदी मन लावून वापरली.

कागद सोडण्याआधी ओरडायचं, हा त्यांचा नियम. "सोडतेय, दोन पानं, खोल्यांची मापं!" मान न वळवता बाई म्हणायच्या, "सोड!" न ओरडता आलेला कागद बेवारस, तो थेट पाठकोऱ्या गठ्ठ्यात. आणि आलेला कागद लाल पेन फिरल्याशिवाय कुणाला मिळायचा नाही, म्हणून त्यांचं नाव जकातबाई. मी एकदा 'खिडकि' लिहिलं, तर म्हणाल्या, "ऱ्हस्व खिडकीतून वारा यायचा कसा गं?"

गाढवपणा माझाच. मी साहेबांना सांगून बसले की नवा प्रिंटर थेट नेटवर्कला जोडता येतो, मधला कॉम्प्युटर लागत नाही. साहेबांनी ऐकलं, मधली बाई लागत नाही. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि घरात कमावत्या त्या एकट्याच. नवऱ्याची नोकरी कुठे टिकलीच नाही, कारण तो वरिष्ठांच्या तोंडावर त्यांच्या चुका काढायचा. "आमचं जमलं ते त्यावरच," असं बाई म्हणत.

एका सोमवारी कुणी न ओरडताच प्रिंटर गुरगुरला. बाईंनी पान उचललं, वाचलं आणि गठ्ठ्यात टाकलं. काचेपलीकडून साहेब बघत होते. पाच मिनिटांनी पुन्हा तेच पान, पुन्हा गठ्ठ्यात. शेवटी साहेब बाहेर आले.

"बाई, माझं एक पत्र आलंय का?"

"ओरडला नाहीत, साहेब."

"अहो, खाजगी होतं ते."

"खाजगी? मग माझ्याच प्रिंटरवर कसं सोडलंत?"

पत्र कुणाला होतं ते मला तेव्हा कळलं. मी तोंड उघडायला हवं होतं. मी आपली स्क्रीनकडे बघत बसले; त्याची लाज अजून वाटते.

बाईंनी गठ्ठ्यातून पान काढून साहेबांच्या हातात दिलं. "तुमची सगळी पत्रं आजवर मी वाचली. हे तुम्ही वाचा. मोठ्याने."

साहेबांनी चष्मा पुसला. "आपल्या प्रदीर्घ सेवेची यापुढे..." एवढं वाचून त्यांनी पान खाली केलं.

"वाचलंत बरोबर," बाई म्हणाल्या. "लिहिलंय 'प्रदिर्घ'. दीर्घ शब्दच ऱ्हस्व केलात? एकवीस वर्षं होती हो ती." त्यांचा आवाज कापत होता, पण लाल पेन नाही. "असलं पत्र या ऑफिसातून बाहेर जायचं नाही. दुरुस्त करून आणा."

साहेब शाळकरी पोरासारखे पान घेऊन आत गेले.

दोन महिन्यांनी मी धीर करून आधी माझा गाढवपणा कबूल केला. "ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. मग मी पत्राचं विचारलं.

"ऐकतेस ना, दर सोमवारी ओरडतात की, 'सोडतोय, एक पान, पत्र!' दर सोमवारी मी परत पाठवते. एकदा 'आवष्यकता', एकदा 'कळवन्यात'. जुनी चूक सुधारली की नवी तयार."

"आणि एखाद्या सोमवारी अगदी शुद्ध आलं तर?"

बाई हसल्या नाहीत. "काल त्यांनी स्वतःचं आडनाव चुकवलं," त्या म्हणाल्या. "एवढा काही तो माणूस ढ नाही."