कापूस यायच्या आत एक पुस्तक

काही माणसांच्या घरी धान्य साठतं, काहींच्या अंगात दुखणी. माझ्याकडं या पावसाळ्यापासून नुसते किस्से साठलेत. तुम्ही खुशाल हसा. मी हसलो नाही तर वाईट वाटून घेऊ नका, एवढंच.

पुण्याला कॉलेज करून मी आमच्या गावी, टेंभुर्णीला परतलो तो एक लोखंडी ट्रंक घेऊन. आत दहा ते तेरा वर्षांच्या पोरांसाठी निवडलेल्या कादंबऱ्या आणि लोककथा. मुलूख संस्थानी, म्हणून सरकारी शाळा उर्दूत; मराठी घरी जमेल तेवढी. या वयात वाचनाची गोडी लागली तर लागली, नाहीतर जन्म कोरडा जातो, असं माझं ठाम मत! माझे चुलते तात्या गावचे पाटील. त्यांनी कापसाची रिकामी खोली लायब्ररीला दिली, पण अट घालून.

"कापूस यायच्या आत एका तरी लेकरानं एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं पाहिजे. न्हाई तर खोलीत कापूस. बराबर?"

"एकच? तात्या, अख्खं गाव वाचंल!"

ते वाक्य आठवलं की अजून कान तापतात.

*

दुपारी दार उघडून बसलो. कुणी येईना. शेजारच्या मथुराकाकूला विचारलं, "पोरांना का धाडत नाही?"

"दिवसाढवळ्या गोष्टी?" काकूनं तोंडाला पदर लावला. "दिवसा गोष्ट केली की मामा वाट चुकतो. माझा भाऊ आजच जाफराबादहून निघून राह्यला!"

"काकू, ही गोष्ट नाही. कादंबरी आहे. लांबलचक असते."

"मंग तर लईच लांब जाईल की तो!"

भाऊ आला, पण दिवेलागणीला. वाटेत गाडीचा आस मोडला होता. कशानं मोडला, ते सगळ्या गावाला माहीत होतं.

शेवटी ज्यांना मामाच नव्हता अशी पोरं आली. एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी!

*

पहिली शिफारस मोठ्या उमेदीनं केली. समुद्रसफरीची कादंबरी! वादळ, फुटलेलं जहाज, लाटांवर तरंगणारी माणसं. मी स्वतःच वाचून दाखवू लागलो.

"समुद्र केवढा असतो?" धनगराच्या भिवानं विचारलं.

"पूर्णेला पूर येतो ना, त्याच्या हजारपट."

भिवा म्हणाला, "मागच्या पुरात आमच्या मेंढ्या गेल्त्या. बाप दोन दिस जेवला न्हाई. ह्या पुस्तकात मजा कुठून सुरू होती?"

मी पुस्तक मिटलं. भिवा पुन्हा आला नाही.

*

एका पोरानं कादंबरी घरी न्यायला मागितली. मागितली! मला आभाळ ठेंगणं झालं. आठवडा झाला, पंधरवडा झाला, पुस्तक परत येईना. वाचनात बुडाला असेल म्हणून कौतुकानं त्याच्या घरी गेलो.

पुस्तक देव्हाऱ्यात होतं. लाल फडक्यात बांधून, वर हळदकुंकू, पुढं दोन फुलं.

"विद्या हाय ती," त्याची आजी म्हणाली. "लेकराचा पाय लागला तर? मीच उचलून ठिवली."

"आजी, त्याला वाचू द्या हो."

"एकदा देवाजवळ बसवलेलं हलवायचं न्हाई, बाबा. रोज पाया पडतो की तो!"

दरोडेखोरांची कादंबरी होती ती.

*

पोरं कुठंतरी जमतात, ही बातमी पोलीस अमिनापर्यंत, म्हणजे आमच्याकडच्या फौजदारापर्यंत, गेली. एक दिवस तो घोड्यावरून उतरून थेट आत आला. मागं शिपाई.

"ये क्या चल रा?"

"लोककथा आहेत, साहेब. मुलांच्या."

त्यानं चित्राचं एक पान उघडलं. मुकुट घातलेला राजा चिखलात पडलेला, आणि एक गवळण हसतेय.

"बादशाह को कौन गिराया?"

"त्याचा तोच पडला, साहेब. मूर्ख होता."

हे बोलायला नको होतं. अमिनाचा चेहरा बदलला. "जिस किताब में बादशाह है, वो तपासणी को जाएगी. सब निकालो!"

राजा नसलेली लोककथा तुम्हाला माहीत असेल तर मला कळवा. ट्रंक निम्मी रिकामी झाली. तेवढ्यात शिपाई एक पुस्तक हातात धरून अडखळला आणि अदबीनं म्हणाला, "साब, इसमें खाली रानीच है. चलती क्या?"

अमिनानं बराच विचार केला.

"नक्को," तो म्हणाला. "रानी है तो बादशाह भी कहीं होगाच."

*

वेचणी सुरू झाली. कापसाच्या गाड्या दारात आल्या तेव्हा खोलीत एकच पोर उरलं होतं. गिरजा, अकरा वर्षांची. हरवलेल्या बहिणीला बाजारोबाजार शोधणाऱ्या मुलाची कादंबरी ती महिनाभर बोट ठेवून वाचत होती. तात्या दारात उभे. गिरजानं शेवटचं पान वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"खरंच वाचलं का? सांग बरं," तात्या म्हणाले.

ती सांगू लागली. तात्या आधी उभे होते, मग गाडीच्या जुवावर टेकले. गाडीवान खाली उतरून जवळ आले. मधे ती दम घ्यायला थांबली तर तात्याच ओरडले, "मंग? भेटली का न्हाई बहीण?"

गोष्ट संपल्यावर तात्यांनी उपरण्यानं नाक पुसलं आणि गाड्या वळवायला सांगितल्या. "राहू दे खोली. कापूस माझ्या वसरीत टाका."

मी जिंकलो होतो! ट्रंकेकडं धावलो. "गिरजा, आता दुसरं कुठलं देऊ?"

"न्हाई, दादा. उद्या मला सासरी हसनाबादला न्हेणार हायेत. तिथं कोण वाचू देतंय?" ती ट्रंकेत डोकावली. "पण एक लपवून न्हेता येईल. तुम्ही सगळ्यांला पुस्तकं सुचवता न्हं? मंग मला असं एक द्या, जे जल्मभर पुरंल."

मी एक पुस्तक उचललं, ठेवलं. दुसरं उचललं. तेही ठेवलं. सगळी ट्रंक खोलीभर पसरली. बाहेर तिचा बाप हाका मारत होता.

गिरजानं थोडा वेळ वाट पाहिली. मग खाली बसून सगळी पुस्तकं एकेक करून परत ट्रंकेत लावली, आणि उठताना म्हणाली, "असू द्या, दादा. तुम्ही बी अजून ल्हानच हाव."