डाव्या हातातल्या बांगड्या

कासाराच्या आधी मला कळायला हवं होतं. एका चुलीपुढे बसणारी मी, आणि वर्षातून दोनदा सोनईला येणाऱ्या कासारानं मला विचारावं, हे अजून मनाला लागतं.

संक्रांतीच्या आधी तो ओसरीवर बसला होता. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, फक्त उजवा हात पुढे केला. डावा पदराखालीच ठेवला. "डाव्यातल्या चांगल्या हायेत, ऱ्हाऊ दे," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. कासार माझ्या हातात बांगडी सरकवत, वर न बघता म्हणाला, "सूनबाई, मावशीचा डावा हात सुजलाय. बांगड्या पार रुतल्यात. बघितलं न्हाई व्हय तुमी?"

नव्हतं बघितलं. दिवाळीपासून त्या मला पाठ चोळू देत नव्हत्या, स्वतःचं लुगडं स्वतःच धूत होत्या. मला वाटलं, माझंच काही चुकलं. मला नेहमी तसंच वाटायचं. माहेर लांब, तापीकाठी. मराठी चौथीतून काढून लग्न लावून दिलेलं. मालक फौजेत, लढाईवर. पहिल्याच वर्षी मला मुदतीचा ताप आला तेव्हा भावकीतल्या बाया म्हणाल्या, हिला माहेरी धाडून द्या. आत्याबाई एकवीस दिवस माझ्या उशाशी बसल्या. "हिचं म्हायेर आता हितंच हाय," एवढंच त्यांनी बायांना सांगितलं. मी वाचले ती त्यांच्यामुळे. म्हणून त्यांच्या कपाळाला आठी पडली तरी माझा जीव खालीवर व्हायचा.

दुसऱ्या दिवशी न्हाणीचं दार लोटून मी आत गेले. त्या ओरडल्या नाहीत. डाव्या छातीत गाठ होती, दगडासारखी. वरची कातडी आत ओढलेली, एका जागी चिघळलेली. त्यावर जुन्या लुगड्याची घडी दाबून ठेवली होती.

"कधीपासून?"

"वरीस झालं आसंल. कुनाला बोलायचं न्हाई. तुज्या मामंजींना तर न्हाईच न्हाई. उद्या माज्या हातची भाकर कुनी खानार न्हाई."

"नगरला बाई डॉक्टर आहे म्हणतात."

"लई म्हायती तुला. आन् घरात काय सांगून जायाचं?"

मग मीच दाराआडून मामंजींना सांगितलं की माझ्या पोटात सारखा गोळा येतो, डॉक्टरीणबाईला दाखवायचंय, आत्याबाईंना संगती नेते. सासरे एरवी कुणाच्या दुखण्याला दाद देणारे नव्हते. घरातल्या बायांचं दुखणं म्हणजे तर कामाची टाळाटाळ. पण त्या दिवशी लगेच उठले. "लोकाची लेक हाय. तिच्या बापाला उद्या काय तोंड दावू? सकाळीच निघू."

बैलगाडीनं घोडेगाव आणि तिथून मोटार. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशावर चालायची. इमामपूरच्या घाटात तिला चढ झेपेना, तेव्हा सगळ्यांना उतरून चालायला लावलं. आत्याबाईंच्या हाताला हिसके बसून ठणका लागला होता. तोंड उतरून गेलेलं. मी त्यांना धरायला हात पुढे केला तर मामंजी मागून म्हणाले, "अगं, तू काय तिला धरतीस? तुज्याच पोटात दुखतंय न्हवं? ए, तू धर सुनंला."

आत्याबाईंनी उजवा हात माझ्या कमरेला घातला. मी वाकून चालायचं, त्यांनी मला सावरायचं. खरं म्हणजे त्यांचा सगळा भार माझ्या अंगावर होता. एका वळणावर त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "कण्ह की जरा. गुमान काय चालतीस?"

मी कण्हले. त्यांचं कण्हणं त्यात मिसळून गेलं. मामंजींनी मागून विचारलं, "लई दुखतंय का गं तिला?" आत्याबाई म्हणाल्या, "दुखतंय. बोलवत न्हाई तिला."

दवाखान्यात पुरुषांना आत येऊ देत नव्हते, ते बरं झालं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे तपासलं. "कॅन्सर आहे," त्या मला म्हणाल्या. तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "समूळ बरं होईल असं मी सांगत नाही. पण गाठ काढली तर जखम भरेल, चार दिवस सुखाचे जातील. उद्या सकाळी करू. बांगड्या मात्र आत्ताच काढायच्या. बोटं निळी पडलीत. हात असाच ठेवला तर सडेल."

पाच हिरव्या बांगड्या होत्या. साबण लावून एकही हलेना. नर्सनं पक्कड आणली तसा आत्याबाईंनी हात उराशी धरला.

"माजा धनी भाईर बसलाय, धडधाकट. आन् मी हात मोकळा करू? ऱ्हाऊ द्या तुमची गाठ. चल पोरी, घरी."

त्या खाटेवरून उतरल्याच. नर्सनं त्यांना दाराशी अडवलं आणि कुणाला बोलायचं नाही हा त्यांचा शब्द मोडायला मी बाहेर गेले.

मामंजी लिंबाखाली बसले होते. पदर पुढे ओढून मी सगळं सांगितलं. आयुष्यात त्यांच्याशी इतकं बोलले नव्हते. "म्हंजी घाटात..." एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी फेटा उतरवला, त्याच्या टोकाच्या दशांचे चार धागे ओढून काढले, त्यांना पीळ दिला आणि दोरा माझ्या हातात ठेवला.

"आदी ह्यो बांध मनगटाला. मग बांगड्या वाढवा. हात मोकळा ऱ्हायला न्हाई म्हंजी झालं. आन् तिला सांग, मी दाराशीच हाय. आवाज देतो."

बांगडी फुटली असं आमच्यात कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात.

मी दोरा सैलसर बांधला. नर्सनं बांगडीवर ओलं फडकं धरून पक्कड दाबली. कट्ट आवाज झाला. आत्याबाईंनी डोळे मिटले. दाराबाहेरून आवाज आला, "हाय मी."

दुसरी. "हाय."

तिसरीला काच रुतून रक्त आलं. "हाय, हाय मी."

चौथी.

पाचवीला बाहेरून काहीच आलं नाही. आत्याबाईंनी डोळे उघडले आणि माझा हात घट्ट धरला. तो सोडवून मी धावत दाराशी गेले. मामंजी भिंतीला टेकून खाली बसले होते, फेट्याचा बोळा तोंडाशी धरून. खांदे हलत होते. माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली.

मी आत येऊन म्हणाले, "हायेत. विडी पेटवत्यात."

"दवाखान्यात इडी?" आत्याबाई म्हणाल्या. "काय म्हनावं ह्या मानसाला." आणि मागे टेकल्या.

ऑपरेशन झालं. पुढे दीड वर्ष मिळालं. गावाला कळायचं ते कळलंच, पण बसवेनासं होईपर्यंत चुलीपुढे त्याच बसल्या आणि मामंजी आधी त्यांच्या हातची भाकरी मागून घ्यायचे. डाव्या हाताची सूज कधी पुरती उतरली नाही, त्यात बांगडी चढली नाही. दोरा मळला की मामंजी फेट्याच्या नव्या दशा ओढून द्यायचे. शेवटी फेट्याचं ते टोक चार बोटं आखूड झालं होतं.