विहिरीतला काळा दगड

मित्रांनो, आज परंड्याजवळच्या एका गावात ग्रामसभेला गेलो होतो. सरपंचबाई विहिरीच्या पाणीपातळीचे महिनाभराचे आकडे वाचत होत्या आणि लोक जांभया देत होते.

नव्वदीतले करीमचाचा म्हणाले, "बाई, आकडे लई झाले. माझ्या मेथीला उद्या पाणी देऊ का नको, ते सांगा. निजामाच्या वक्ताला पाणी विहिरीतल्या काळ्या दगडाखाली गेलं, की दवंडी व्हायची: आता फक्त पिण्याला."

बाईंनी दगडाची खोली मोजून आणवली आणि आकड्यांशी ताडून पाहिली. पाणी मागच्याच आठवड्यात दगडाखाली गेलं होतं.

"मंग मेथी गेली," चाचा म्हणाले.

संध्याकाळी भोंग्यावरून दवंडी झाली.

तुमच्या कचेरीतही रोज आकडे जमत असतील. त्यातला काळा दगड कोणता, हे कुणी ठरवलंय का?